हळदीचं बोट

माझ्या हेमाआत्याच्या घरात धूळसुद्धा चपला बाहेर काढून येते, असं आमच्याकडे चेष्टेनं म्हणतात. रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर तिचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. तिथल्या खारट, दमट हवेत श्रावण लागला की शेजाऱ्यांच्या भिंतींवर बुरशीचे नकाशे उमटतात. आत्याच्या भिंतीवर आज ठिपका दिसला तर उद्या तो नसतो. तिचे यजमान बापूकाका म्हणतात, "मी एका जागी फार वेळ बसत नाही. न जाणो, मलाही पुसून टाकायची."

आत्याची दुसरी ख्याती म्हणजे घागर. नवरात्रातल्या अष्टमीला आमच्याकडे महालक्ष्मी मांडतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात, देवीला नऊवारी नेसवतात आणि संध्याकाळी मंगल कार्यालयात तिच्यापुढे बायका घागर फुंकतात. तांब्याची घागर धुपावर धरून धुपवायची, ती तोंडाशी घेऊन तिच्या काठावर फुंकर घालायची आणि फुंकता फुंकता नाचायचं. नवशिकीची घागर नुसती फुसफुसते. आत्याची घागर घुमायची. कार्यालयाच्या बाहेर रिक्षा लावून उभे असलेले लोकही म्हणायचे, आगाशेवहिनींनी धरली वाटतं. सलग पाऊण तास फुंकून ती घामानं निथळत खाली बसायची आणि पहिलं वाक्य असायचं, "कोपऱ्यात कोळिष्टक राहिलंय बघा त्या."

२०३६ च्या अष्टमीला मात्र ती तिसऱ्या मिनिटाला थांबली. घागर माझ्या हातात देऊन भिंतीला टेकली आणि खोकत राहिली. तीस वर्षांत पहिली घागर दुसऱ्या कुणी पुरी केल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी ती मी केली.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि सांगितलं, धुराचा परिणाम आहे. धूप बंद, उदबत्ती बंद, घागर बंद. आत्यानं धूप-उदबत्ती त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली. घागरीबद्दल म्हणाली, "बघू." पण वर्षभर घरात धुराची रेघसुद्धा नसताना तिचा दम वाढतच गेला. गणपतीत जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर बसली. डॉक्टरांनी शेवटचं बजावलं, की कारण सापडलं नाही तर यंदा घागरीला हात लावायचा नाही, आणि यंदा म्हणजे कायमचा. हे मला आत्यानंच फोनवर सांगितलं. तिच्या लग्नानंतर, तिच्या मुलाच्या अपघातानंतर, सगळ्या बऱ्यावाईटात वर्षातून एक संध्याकाळ ती घागर तिची होती. तेवढी मागत होती ती.

आता थोडं माझ्याबद्दल. मी केतकी, पुण्यात एका प्रयोगशाळेत हवेतले कण मोजायची यंत्रं बनवते. त्या सुमारास आम्ही श्वासनोंद नावाचं एक बिल्ल्याएवढं यंत्र तयार केलं होतं. तोपर्यंत हवा मोजणाऱ्या पेट्या भिंतीवर असायच्या. आत्याच्या सोसायटीनंही प्रत्येकाच्या दिवाणखान्यात तशी एक बसवली होती आणि आत्याच्या पेटीचा दिवा कायम हिरवा. पण भिंतीला नाक नसतं. फवारणी करणाऱ्या माणसाच्या तोंडाभोवती जो ढग असतो, तो दहा पावलांवरच्या पेटीपर्यंत पोचेस्तोवर विरून जातो. पेटी सांगते ती खोलीची हवा. माणूस ओढतो ती त्याच्या स्वतःच्या ढगातली. म्हणून आम्ही यंत्र गळ्याशी आणलं. त्याला समोर मुगाएवढं भोक. त्यातून आत गेलेल्या कणावर निळा प्रकाश पडतो, काही कण उत्तरादाखल आपापल्या रंगात चमकतात, काही प्रकाश विखरून टाकतात, आणि त्यावरून यंत्र ओळखतं की हा धूर, ही परागधूळ, हे पीठ.

घटस्थापनेच्या दिवशी बिल्ला आत्याला मिळाला. मी व्हिडिओवर सूचना दिल्या. "गाऊनच्या गळ्याशी लाव. काढू नकोस, झाकू नकोस, धुवू नकोस."

"धुवायचंसुद्धा नाही?" तिला तेवढंच जड गेलं. "आणि हा करणार काय?"

"तू दिवसभर काय काय ओढतेस ते मला कळवणार."

"म्हणजे चहाडखोर." तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं.

दुसऱ्या दिवशी पहिला अहवाल आला. हवेतले कण: हळद, सत्त्याण्णव टक्के. मी तो तीनदा वाचला. तिसऱ्या दिवशीही हळद. चौथ्या दिवशी मी फोन केला. "आत्या, तू हळद दळतेस का घरात?"

"मी कशाला दळू? पाकिटातली आणतो."

मागून बापूकाका म्हणाले, "तरी मी म्हणतो, आमटी एवढी पिवळी का!"

यंत्र नादुरुस्त, असं मी ठरवून टाकलं. सप्तमीला सकाळी रत्नागिरीत पोचले, आत्यानं दार उघडलं आणि मी तिच्या गळ्याकडे बघतच राहिले. बिल्ल्याच्या भोकावर लाल-लाल बोटं उठली होती.

"हे काय केलंस?"

"हळद-कुंकू लावलं. नवं यंत्र घरात आलं ते कोरडंच वापरायचं? फ्रिजला लावलं, मिक्सरला लावलं, त्यानं काय घोडं मारलं होतं?"

काढू नकोस, झाकू नकोस, धुवू नकोस. तिन्ही गोष्टी तिनं इमानानं पाळल्या होत्या. चौथी मी सांगितलीच नव्हती. निळ्या प्रकाशात हळद झगझगीत चमकते. भोकाच्या तोंडाशीच ती थापल्यावर यंत्राला दुसरं काही दिसणार कसं! आठवड्याची नोंद पाण्यात गेली होती, उद्या अष्टमी होती, आणि मला इतका राग आला की वयाचा मान विसरून मी बोलले.

"आत्या, लाखमोलाची मेहनत आहे त्यात लोकांची! देवघरातली घंटा आहे का ती? आता मी डॉक्टरांना काय सांगू? तुझी घागर तूच घालवलीस."

बापूकाकांनी पेपर खाली घेतला. मी कापसावर स्पिरिट घेतलं, बिल्ला तिच्या गळ्यापासून सोडवला आणि पुसायला लागले. तोच आत्यानं माझं मनगट धरलं.

"थांब. पुसू नको."

"का?"

"दोन बोटं लावली होती मी. एक हळदीचं, एक कुंकवाचं." तिनं चष्मा वर सरकवला. "दोन्ही लाल कशी?"

मी रसायनशास्त्र शिकले आहे. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं पांढऱ्या कपड्यांवरचे आमटीचे डाग काढलेत, तिचं डोकं माझ्याआधी चाललं. "हळदीवर साबण लागला की ती अशी लाल होते. चुना लागला तरी होते. केतू, मी हा धुतलेला नाही हो. देवीशप्पथ. मग ह्याच्यावर साबण आला कुठून?"

मग आत्या उठली, न्हाणीघरात गेली आणि एक पांढराशुभ्र कॅन घेऊन आली. बुरशी घालवायचा नवा स्प्रे. गेली चार वर्षं सगळ्या किनारपट्टीवर त्याचा बोलबाला होता. वास नाही, ओघळ नाही, डोळे चुरचुरत नाहीत, फवारलं की धुक्यासारखं बसतं. जुन्या औषधांना इतका उग्र वास यायचा की माणूस आपोआप नाक धरून बाहेर पळायचा. ह्याला वास नव्हता, म्हणून कुणी पळतही नव्हतं. आत्या रोज सकाळी हात उंच करून छताच्या कडेनं तो मारायची.

पुढचा अर्धा तास मी फक्त बघत होते. आत्यानं तीन कापसाच्या चकत्या घेतल्या, पाण्यात कालवलेली हळद तिन्हींवर एकेक बोट लावली. एक स्वतःच्या गळ्याशी टाचली. एक बापूकाकांच्या बनियनला. "तुम्ही दिवाणखान्यात पेपर वाचत बसा. उठायचं नाही." तिसरी न्हाणीघराच्या फरशीवर ठेवली.

"ही तिसरी कशाला?" मी विचारलं.

"खाली किती पडतं ते नको बघायला?" आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न सुचायला दोन बैठका लागल्या असत्या.

मी तिला माझा मास्क बांधायला लावला. रोजच्याइतकाच, रोजच्यासारखाच तिनं स्प्रे मारला. दहा मिनिटांनी तिन्ही चकत्या टेबलावर ठेवल्या. फरशीवरची हळद पिवळी, कडेला जेमतेम दोन-तीन लाल ठिपके. काकांची पिवळीधमक. दिवाणखान्यातल्या पेटीचा दिवा हिरवा. आत्याच्या गळ्याशी होती ती लाल.

मला एकदम सगळं उलगडलं, आणि मी ते त्यांना समजावून सांगितलं. थेंब मोठा असेल तर तो सरळ खाली पडतो. पिचकारीच्या जुन्या बाटल्यांचे थेंब तसे होते. ह्या कॅनचा थेंब इतका बारीक की जमिनीवर पोचायच्या आतच त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे उरतो तो साबण-चुन्यासारख्या क्षाराचा सूक्ष्म कण. तो तासन् तास तरंगतो. नाकातले केस मोठ्या कणाला अडवतात, घसा मधल्याला. हा कण दोघांनाही चुकवून थेट फुप्फुसाच्या टोकाशी जातो, जिथे रक्त आणि हवा यांच्यात कागदापेक्षाही पातळ पडदा असतो. तिथल्या ओलाव्यात तो विरघळतो आणि हळदीचं जे करतो, तसंच काहीसं त्या पडद्याचं करतो. रोज थोडं. चार वर्षं.

"म्हणजे धूप नव्हे," काका म्हणाले.

"धूपही चांगला नाहीच. पण हा जास्त."

मला वाटलं, आत्या आता घागरीचं विचारणार. तिच्या मनातून काटा निघाला होता, तिला हक्कच होता. पण ती खुर्चीत बसली आणि तिचा चेहरा पडला. "लतिका," ती म्हणाली.

लतिका तिच्याकडे धुणंभांडी, साफसफाई करायला यायची. पाच घरं करायची, आणि पाचही घरांत हाच स्प्रे. तो आणायला आत्यानंच सगळ्यांना सांगितलेलं.

"मागच्या वर्षी ती म्हणाली होती, काकू, ह्यानं छातीत भरून येतं. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, गरम पाणी पी." आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला स्वच्छता पाहिजे होती ना. माझ्या एकटीच्या फुप्फुसांचं काय घेऊन बसलात, ती पाच घरांचं ओढते."

दहा वाजता लतिका आली. आत्यानं तिला बसवलं, जे ती एरवी फारसं करत नसे, चकत्या दाखवल्या आणि सरळ सांगितलं, "लतिका, माझं चुकलं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही."

लतिका गोंधळली. चकतीवर बोट फिरवून म्हणाली, "काकू, मंग माझी पण बघा ना कशी होते ती." मग थोड्या वेळानं, "साळवींकडची शेवंता पण लई खोकते."

"उद्या," आत्या म्हणाली, "कार्यालयात ऐंशी बायका येणारेत."

मी घाईघाईनं मध्ये पडले. आत्याला समजावलं, की एका न्हाणीघरातल्या तीन चकत्या म्हणजे पुरावा नव्हे. आधी प्रयोगशाळेत तपासू, लेख लिहू, तो मान्य होऊ दे. दीड-दोन वर्षांत होईल. लोक हसतील आपल्याला, हळदीचं शास्त्र म्हणून.

"तुझा लेख होईपर्यंत लतिका रोज पाच घरं करणार," ती म्हणाली. "हसू देत की. हसायला तरी दम राहील."

खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली.

अष्टमीला संध्याकाळी आत्या नऊवारी नेसून कार्यालयाच्या दारात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकीला हळद-कुंकू लावायची रीत आहेच. त्या वर्षी कपाळाला लावून झालं की दुसरं बोट ती कापसाच्या चकतीवर टेकवायची आणि म्हणायची, "ही घरी काम करताना गळ्याशी टाचा. कधी काय मारलंत ते मागे पेन्सिलीनं लिहा. कोजागरीला परत आणा. पुसायची नाही, धुवायची नाही." लतिका दोन दिवसांत आणखी चाळीस बायकांना शोधून चकत्या देऊन आली. त्या कार्यालयात कधी आल्या नव्हत्या, पण शहरातली न्हाणीघरं त्यांच्याच जिवावर होती.

आणि घागर? ती आत्यानं त्या दिवशी उचलली नाही. डॉक्टरांना न विचारताच. "आधी छाती बरी होऊ दे. मग बघू," म्हणाली आणि पाटावर बसून दुसऱ्यांचे ठेके चुकले की हातानं दाखवत राहिली. तिच्या मांडीवर बोटं सारखी ताल धरत होती. मला बघवत नव्हतं.

कोजागरीला मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी चकत्यांचा ढीग पडला. एकशे चौदा परत आल्या. बिनवासाचा स्प्रे मारणाऱ्या जवळजवळ सगळ्याजणींच्या लाल. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसणाऱ्यांच्या पिवळ्या. पिचकारीवाल्या मधल्या. आत्यानं त्या रंगाप्रमाणे चादरीवर लावल्या, फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत. सगळ्यात शेवटची, रक्तासारखी गडद, लतिकाची होती. ती चादर मी जशीच्या तशी गुंडाळून पुण्याला नेली. आमचे संचालक आधी हसले आणि मग त्यांनी स्वतःच्या बायकोला फोन लावला.

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. आम्ही बिल्ले धुऊनपुसून नीट मोजमाप केलं, दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनीही केलं, आणि हळदीनं खोटं सांगितलं नव्हतं. वर्षाच्या आत ते बारीक तोंडाचे कॅन बाजारातून गेले. आता येतात ते जाड थेंबांचे असतात, ओघळतात, फडक्यानं पुसावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर गळ्याशी टाचायची एक पिवळी पट्टी मिळते. ती लाल झाली तर खिडकी उघडा, बाहेर जा. लोक तिला हळदपट्टीच म्हणतात. लाखमोलाच्या मेहनतीचा माझा चहाडखोर प्रयोगशाळांत वापरतात. घराघरांत पोचली ती दोन पैशांची हळद. याचं मला कधीमधी वाईट वाटतं, पण फार नाही. लेखावर पहिलं नाव हेमांगी आगाशे. कच्चा मसुदा वाचून तिनं तो परत पाठवला होता. "लतिकाचं नाव राहिलंय. शिवाय तिसऱ्या पानावर डाग पडलाय, चहाचा आहे."

यंदाच्या अष्टमीला मी पुन्हा रत्नागिरीला गेले. डॉक्टरांनी आत्याला परवानगी दिली होती. जे गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं वाचलं, असं ते म्हणाले. मंडळानं घागर धुपवायला कार्यालयाच्या गच्चीवर एकच चिमूट धूप टाकला, रितीपुरता, आणि धूर निघून जाईपर्यंत घागर उलटी करून ठेवली. पहिली घागर अर्थातच आत्याची.

ती उभी राहिली, घागर तोंडाशी नेली आणि डोळे मिटले. पहिली फुंकर गेली आणि घागर बोलली. तोच आवाज, पोटातून येणारा, खोल. कार्यालयातल्या बायका बोलायच्या थांबल्या. बापूकाका पुरुषांच्या बाजूला रुमालानं चष्मा पुसत राहिले, जो स्वच्छच होता. पाच मिनिटं झाली. आठ झाली. अकराव्या मिनिटाला ती थांबली. खोकली नाही. फक्त तिला कळलं, की इथे थांबायचं.

कुणीतरी पुढे होऊन घागर घ्यायला हात केला. आत्यानं दिली नाही. ती घेऊन ती सगळ्या बायकांच्या मधून वाट काढत दाराशी गेली. लतिका पहिल्यांदाच कार्यालयात आली होती आणि चपलांच्या जवळ, भिंतीला टेकून बसली होती.

"घे."

"मी? काकू, ह्ये तुमच्यातलं. मी कशी..."

मागे कुजबूज झाली. आत्यानं वळूनही बघितलं नाही. वाकून तिनं लतिकाच्या गळ्याशी टाचलेली पट्टी दिव्याकडे वळवली.

"पिवळी आहे ना? मग ऊठ. खांदे खाली. ओठ काठावर टेकवायचे नाहीत. पोटातून सोड."

पहिली फुंकर नुसतीच फुसफुसली. दुसरीही. तिसरीला घागर घुमली, आणि लतिका दचकून थांबली, कारण तो आवाज आपला आहे हे तिला खरं वाटेना. मग तिनं पुन्हा घागर उचलली. ह्या वेळी घड्याळ मी बघत नव्हते. माझ्या शेजारी उभी राहून आत्या बघत होती, ओठ हलवत, मिनिटं मोजत.

"एकोणीस!" लतिका खाली बसली तेव्हा ती सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "माझ्यापेक्षा आठ जास्त!"

हरल्याचा एवढा आनंद मी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलेला नाही.